चार घरांची परवानगी आणि एका भूखंडाचा हिशेब

ओरेगन राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये ‘हाउस बिल २००१’ हा कायदा मंजूर केला आणि अमेरिकेत प्रथमच एखाद्या राज्याने आपल्या मोठ्या शहरांना बजावले की, ज्या भूखंडावर तुम्ही एक स्वतंत्र घर बांधू देता, त्यावर एकाहून अधिक घरांना बंदी घालण्याचा अधिकार यापुढे तुम्हाला उरणार नाही. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांनी अशा भूखंडांवर दोन घरांना वाव द्यायचा. पंचवीस हजारांहून मोठ्या शहरांनी आणि पोर्टलंड महानगरातल्या जवळपास सर्व शहरांनी त्याखेरीज तीन व चार घरांच्या इमारती, रो-हाउस आणि एका सामाईक अंगणाभोवती बसवलेली छोटी घरे यांनाही निवासी भागांत जागा करून द्यायची. स्वतंत्र बंगला आणि मोठी अपार्टमेंट इमारत यांच्या मधल्या या सगळ्या प्रकारांना तिकडे एकत्रितपणे ‘मिडल हाउसिंग’ म्हणतात. बर्कलीतले वास्तुरचनाकार डॅनिअल पॅरोलेक यांनी २०१० पासून ही कल्पना मांडायला सुरुवात केली आणि दहा वर्षांच्या आत तिने नगररचनाकारांच्या टेबलावरून विधिमंडळापर्यंत मजल मारली.

या कायद्यांमागच्या विचाराशी मी सहमत आहे. मात्र त्यांच्यावरची चर्चा सहसा एकाच आकड्याभोवती फिरते: दोन घरे, तीन की चार? गेल्या पाच-सहा वर्षांत निरनिराळ्या शहरांत जे घडले ते पाहिल्यावर हा आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, असे माझे मत झाले आहे. चार घरांना परवानगी देऊनही एकसुद्धा इमारत उभी राहू नये, अशी व्यवस्था स्थानिक नियमावलीतून बिनबोभाट करता येते. उलट नियम नेमक्या जागी बदलले, तर अनुदानाचा एक डॉलरही खर्च न करता छोटा बिल्डर आपण होऊन मोठ्या बंगल्याऐवजी चार घरे बांधायला घेतो. शहराच्या हेतूची परीक्षा एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), मोकळे सोडायचे अंतर, मोटारींची जागा, भूखंड विभागण्याचा हक्क आणि विकास शुल्क या पाच-सहा तरतुदींत होते, आणि बातमीत नेमक्या त्याच नसतात.

हे प्रकार मुळात बेकायदेशीर ठरले कसे, हे आधी पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत ते सर्रास बांधले जात होते. बॉस्टन आणि वुस्टर परिसरातल्या लाकडी तीन मजली इमारती, ज्यांत प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब राहत असे आणि बहुधा त्यांपैकीच एक घरमालक असे, या स्थलांतरितांच्या घरमालकीची पहिली पायरी होत्या. मॅसॅच्युसेट्सने १९१२ आणि १९१३ च्या कायद्यांनी गावांना व शहरांना त्या रोखण्याची मुभा दिली आणि पुढच्या दोन दशकांत त्या बांधणे जवळपास थांबले. तिकडे कॅलिफोर्नियात बर्कलीने १९१६ मध्ये केवळ एककुटुंबी घरांसाठी राखीव असा विभाग आखला. त्या नियमाचा आग्रह धरणाऱ्यांत डंकन मॅकडफी हे जमीन विकासक होते, आणि गौरेतरांना घर विकू नये अशी अट त्यांच्या वसाहतींच्या खरेदीखतांत घातलेली असे. वंशानुसार वस्त्या आखणारे शहरी कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केले. पण भूखंडाचा आकार आणि घरांची संख्या यांवरची बंधने उघडपणे वंशाचे नाव घेत नसल्याने टिकली आणि देशभर पसरली. १९२६ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या युक्लिड खटल्यात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या भागात येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला ‘निव्वळ परोपजीवी’ म्हटले आणि या पद्धतीवर घटनात्मक मान्यतेची मोहोर उठवली.

भारतीय वाचकाने या इतिहासाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. १९१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या कला बगाई यांचे कुटुंब बर्कलीत विकत घेतलेल्या घरी राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी ते घर कुलूपबंद करून ठेवले होते आणि त्यांना माघारी फिरावे लागले. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच शहराने मध्यवर्ती भागातल्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले. रस्त्याला नाव देणे सोपे असते. १९१६ चा नियम मोडायला बर्कलीला २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली.

दोन-तीन कुटुंबांच्या जुन्या इमारती मात्र पाडल्या गेल्या नाहीत. त्या ‘नियमबाह्य पण चालू’ या वर्गात जाऊन बसल्या. बॉस्टनला लागून असलेल्या, सुमारे ऐंशी हजार वस्तीच्या सॉमरव्हिल शहरात काही वर्षांपूर्वी नियोजनकारांनी तपासणी केली तेव्हा तत्कालीन नियमावलीत पूर्णपणे बसणाऱ्या निवासी इमारती शहरभरात अवघ्या बावीस निघाल्या. लोक ज्या शहरावर प्रेम करत होते, ते शहर पुन्हा बांधायला कायद्याने मनाई होती. मराठी वाचकाला हा घरप्रकार अनोळखी नाही. दादर-माटुंग्याच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनेतल्या तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारती, किंवा पुण्यात प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्त्याच्या गल्ल्यांत बंगल्यांच्या जागी आलेल्या आठ-दहा सदनिकांच्या इमारती, या त्याच कुळातल्या. आणि एफएसआयचा अर्धा टक्का इकडे-तिकडे झाला की कोणाचे काय होते, हे सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला एकदा बसलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता पोर्टलंडमधला एक नेहमीचा भूखंड घेऊ. रुंदी ५० फूट, खोली १०० फूट, क्षेत्रफळ ५,००० चौरस फूट. नियमावलीतला विभाग ‘आर-५’. पुढे दहा फूट, दोन्ही बाजूंना व मागे पाच-पाच फूट मोकळे सोडायचे आणि जास्तीत जास्त २,२५० चौरस फूट जमीन इमारतीखाली आणायची. जुन्या नियमांत एफएसआयची मर्यादाच नव्हती, त्यामुळे या भूखंडावर तीन मजल्यांचा मिळून ६,७५० चौरस फुटांपर्यंतचा एकच बंगला बांधता येत असे. जमिनीचे भाव वाढले तसे १९२०-३० च्या काळातले हजार-बाराशे चौरस फुटांचे जुने घर विकत घ्यायचे, पाडायचे आणि त्या जागी अवाढव्य घर उभारून विकायचे, हा छोट्या बिल्डरांचा किफायतशीर धंदा झाला. एक घर गेले, एक घर आले. शहराच्या घरसंख्येत वाढ शून्य आणि किंमत दुप्पट-तिप्पट. २०१५ मध्ये पोर्टलंडने नियम बदलायला सुरुवात केली ती रहिवाशांच्या याच तक्रारीवरून. घरे महाग आहेत ही ओरड होतीच, पण पहिला राग या धिप्पाड बंगल्यांवरचा होता.

पाच वर्षांच्या वादानंतर १२ ऑगस्ट २०२० रोजी पोर्टलंडच्या सिटी कौन्सिलने तीन विरुद्ध एक मतांनी ‘रेसिडेन्शियल इन्फिल प्रोजेक्ट’ मंजूर केला आणि १ ऑगस्ट २०२१ पासून तो लागू झाला. राज्याच्या कायद्याने सांगितलेल्या किमान मर्यादेपेक्षा तो पुढे गेला. त्यातली खरी करामत अशी: याच आर-५ भूखंडावर एकच घर बांधायचे असेल तर एफएसआय ०.५, म्हणजे २,५०० चौरस फूट. दोन घरे बांधली तर ०.६, म्हणजे ३,०००. आणि तीन किंवा चार बांधली तर ०.७, म्हणजे ३,५०० चौरस फूट. निम्मी घरे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा नियंत्रित दराने द्यायची तयारी असेल तर सहा घरे आणि त्यासाठी आणखी मोठा एफएसआय. मोटारींसाठी जागा ठेवण्याची सक्ती नाही.

३,५०० भागिले चार म्हणजे ८७५ चौरस फूट. पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हा आकडा नीट कळतो. तो ऐसपैस टू बीएचकेचा आकडा आहे, आणि अमेरिकी बाजारात तो तरुण जोडप्याचा, निवृत्त शिक्षिकेचा किंवा एका मुलासह राहणाऱ्या एकल पालकाचा आकडा आहे. बिल्डरच्या बाजूने पाहिले तर पूर्वी ६,७५० फुटांचे एक गिऱ्हाईक शोधायचे होते. आता तो मार्गच बंद झाला आहे आणि त्याच्यापुढे २,५०० फुटांचे एक घर किंवा ३,५०० फुटांची चार घरे असे दोन पर्याय आहेत. त्याला हजार फूट जास्त विकायला मिळतात, म्हणून तो चार घरांकडे वळतो. पर्यावरण, समता, परवडणारी घरे यांवरचे व्याख्यान त्याला कोणी द्यावे लागत नाही.

या रचनेचे मर्म म्हणजे एकट्या बंगल्याचा कमी केलेला आकार, आणि तिची नक्कल करणारी बहुतेक शहरे नेमके तेवढेच टाळतात. चार घरांना ‘हो’ म्हणणे राजकीयदृष्ट्या अवघड असतेच. पण ज्यांचा आवाज सभागृहात सर्वांत मोठा आहे, त्या बंगलेमालकांना ‘तुमच्या जागी येणारा बंगलाही आता लहानच असेल’ हे सांगणे त्याहून अवघड असते. ते सांगितल्याशिवाय केलेली चार घरांची घोषणा म्हणजे लग्नाचे निमंत्रण द्यायचे आणि मांडवाचा पत्ता द्यायचा नाही, असा प्रकार आहे.

मिनिआपोलिसचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण त्याचा उल्लेख समर्थक नेहमी करतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी करतात. त्या शहराने डिसेंबर २०१८ मध्ये ‘मिनिआपोलिस २०४०’ आराखडा बारा विरुद्ध एक मतांनी संमत केला आणि २०२० पासून शहरभर तीन घरांच्या इमारतींना मोकळीक दिली. जगभर बातमी झाली. पण सुरुवातीला तीन घरांच्या इमारतीला जवळजवळ तेवढ्याच आकारमानाच्या चौकटीत बसवायचे होते, जी एका घरासाठी होती. २,५०० चौरस फुटांचे एक घर विकण्यापेक्षा त्यातच तीन स्वयंपाकघरे, तीन नळजोडण्या आणि जादा जिना घुसवून आठशे फुटांची तीन घरे विकणे कोणत्या बिल्डरला परवडेल? पहिल्या वर्षांत अशा इमारती फारच थोड्या झाल्या. तरीही मिनिआपोलिसमध्ये २०१७ ते २०२२ या काळात घरांची संख्या सुमारे बारा टक्क्यांनी वाढली आणि भाडी जेमतेम एक टक्क्याने वाढली, हे खरे आहे. मात्र ते श्रेय मुख्यतः रुंद रस्त्यांच्या कडेने आणि वाहतुकीच्या मार्गांलगत उठलेल्या मोठ्या अपार्टमेंट इमारतींचे, आणि मोटारींच्या जागेची सक्ती आधी शिथिल करून २०२१ मध्ये पूर्ण काढून टाकण्याचे आहे. तीन घरांच्या नियमाला ते श्रेय देणे म्हणजे त्या नियमातला दोष झाकणे होय.

मोटारींच्या जागेचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, म्हणून त्याच ५० बाय १०० च्या भूखंडावर तो मांडून पाहावा. एका मोटारीला साधारण नऊ बाय अठरा फूट जागा लागते. चार मोटारींची साडेसहाशे चौरस फूट झाली. मागच्या अंगणापर्यंत जाणारा दहा फुटी रस्ता आणि गाडी वळवायला लागणारी जागा धरली की भूखंडाचा पाव भाग डांबराखाली गेला, झाडे गेली, अंगण गेले आणि उरलेल्या जागेत २,२५० फुटांचा पायाही बसेना. शिवाय रस्त्याकडेला फाटकासाठी पदपथ कापला की तिथे पूर्वी रस्त्याच्या कडेला मोटार उभी करण्याची सार्वजनिक जागा गेली, म्हणजे खासगी जागा निर्माण करताना सार्वजनिक जागा गेली. ‘घरटी एक मोटार’ एवढा एकच निकष ठेवला तरी चार घरांची इमारत नकाशावरच संपते. बंदी घालण्याची गरजच राहत नाही. ओरेगनच्या नियमांनी लहान भूखंडांसाठी शहरांच्या या हत्याराची धार बोथट केली, हे त्या कायद्याच्या यशाचे कमी चर्चिलेले कारण आहे.

कॅलिफोर्नियाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तिथे यश आणि अपयश शेजारी-शेजारी उभे आहेत. २०२१ मध्ये संमत झालेल्या ‘सेनेट बिल ९’ ने जानेवारी २०२२ पासून एका भूखंडाचे दोन भाग करून प्रत्येकावर दोन, अशी एकूण चार घरे बांधण्याचा मार्ग खुला केला. पण भूखंड विभागणाऱ्या मालकाने तीन वर्षे तिथेच राहण्याचा इरादा प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचा, अशी अट त्यात आली. वरकरणी ती सट्टेबाजांना आळा घालणारी दिसते. प्रत्यक्षात बांधकामाचा अनुभव व भांडवल असलेला छोटा बिल्डर बाहेर राहिला आणि आयुष्यात एकदाही वास्तुविशारदाशी न बोललेल्या सत्तर वर्षांच्या घरमालकाकडून विकासकाचे काम करण्याची अपेक्षा ठेवली गेली. त्यात शहरांनी आपापल्या अटी जोडल्या. सिलिकॉन व्हॅलीतल्या वुडसाइड या धनिकांच्या गावाने २०२२ च्या सुरुवातीला जाहीर केले की, आमचे संपूर्ण गाव पहाडी सिंहाचा (प्यूमाचा) अधिवास असल्यामुळे हा कायदा इथे लागू होत नाही. राज्याच्या महाधिवक्त्यांचे पत्र गेल्यावर गावाने माघार घेतली. सिंहांचे मत कोणी विचारले नव्हते. पुढे स्वतःच्या सनदेनुसार कारभार चालवणाऱ्या काही शहरांनी न्यायालयातूनही या कायद्याला खीळ घातली. अर्ज अपेक्षेच्या मानाने नगण्य आले.

त्याच राज्यात, त्याच बंगल्यांच्या मागे, आउटहाउसवजा जोडघरे मात्र दरवर्षी वीस हजारांहून अधिक संख्येने मंजूर होत आहेत. हा चमत्कार एका दिवसात झालेला नाही. २०१६ पासून जवळपास प्रत्येक अधिवेशनात विधिमंडळाने शहरांनी शोधून काढलेली एकेक पळवाट बुजवली: आधी मोटारीच्या जागेची अट सैल केली, मग मालकाने तिथेच राहण्याची अट काढली, लहान जोडघरांवरचे विकास शुल्क रद्द केले, शेजारपासूनचे अंतर चार फुटांवर आणले, आणि अर्जावर ठरावीक मुदतीत, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, नियमांच्या कसोटीवरच निर्णय द्यायचे बंधन घातले. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांची सोय म्हणून फ्रेमाँट-सनीव्हेल भागातली कितीतरी मराठी कुटुंबे अशा जोडघरांचा विचार करतात; त्यांच्या वाट्याला जो सोपा अर्ज येतो, त्यामागे ही तांत्रिक दुरुस्त्यांची कंटाळवाणी मालिका आहे.

यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो स्थानिक स्वायत्ततेचा पुरस्कार करणाऱ्यांना आवडणार नाही. नियम स्थानिक असावेत, कारण रस्त्याची रुंदी, उतार, मलवाहिन्यांची क्षमता आणि झाडे यांची माहिती शहराला असते, राजधानीला नसते. परंतु ‘काय बांधावे’ यावरचे स्वातंत्र्य आणि ‘काहीही बांधू देऊ नये’ याचे स्वातंत्र्य यांत राज्याने रेघ मारलीच पाहिजे. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीने २०२३ मध्ये सहा घरांपर्यंतच्या इमारतींना एकमताने मान्यता दिली आणि त्याच ठरावात पहिली काही वर्षे वर्षाकाठी अठ्ठावन्न परवाने एवढी कमाल मर्यादा घातली. ओरेगनने वेगळा मार्ग घेतला: राज्याने आदर्श नियमावली तयार ठेवली आणि मुदतीत स्वतःचे नियम न करणाऱ्या शहराला ती आपोआप लागू होईल असे ठरवले. वॉशिंग्टन राज्यानेही २०२३ च्या आपल्या कायद्यात हाच धाक ठेवला. चालढकल करणाऱ्याचा फायदा काढून घेतला की शहरे कशी चटकन कामाला लागतात, हे मग दिसले.

बांधलेले घर विकायचे कसे, हा पुढचा प्रश्न. चार घरे एकाच भूखंडावर एकाच मालकाच्या नावे राहिली तर ती भाड्यानेच देता येतात किंवा कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे घर स्वतंत्र पण जमीन सामाईक मालकीची ठेवण्याच्या, किचकट, विमाखर्चिक मार्गाने विकावी लागतात. ओरेगनने २०२१ मध्ये ‘सेनेट बिल ४५८’ आणून अशा घरांखालच्या जमिनीचे लहान तुकडे पाडून प्रत्येक घर स्वतंत्र मालकीने विकण्याची सोय केली. त्यानंतरच पोर्टलंडच्या बिल्डरांचा ओघ खऱ्या अर्थाने या प्रकाराकडे वळला. ह्यूस्टनने हाच धडा पुष्कळ आधी, १९९८ मध्ये गिरवला होता: शहराच्या मध्यभागात भूखंडाचा किमान आकार ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला आणि २०१३ मध्ये ती सवलत शहरभर नेली. त्यातून हजारो टाउनहाउस उभी राहिली. आमच्या गल्लीत हे नको असे ज्यांना वाटले, त्यांना बहुसंख्य घरमालकांच्या संमतीने आपल्या ब्लॉकपुरता जुना किमान आकार टिकवण्याचा मार्गही ठेवला होता. तडजोड म्हणून ती मला शहाणपणाची वाटते. एका गल्लीचा नकार साऱ्या शहराचा नकार होऊ दिला नाही. भाड्याच्या मार्गालाही एक जमेची बाजू आहे. केंद्र सरकारच्या आधाराने मिळणारे गृहकर्ज चार घरांपर्यंतच्या इमारतीला घर मानते, पाच किंवा अधिक घरांच्या इमारतीला व्यापारी मालमत्ता. त्यामुळे मालक एका घरात राहणार असेल तर काही अटींवर साडेतीन टक्के डाउन पेमेंट भरूनही तो चार घरांची इमारत घेऊ शकतो आणि तीन भाड्यांतून हप्ता भागवू शकतो. बॉस्टनच्या जुन्या तीन मजली इमारतींचे अर्थकारण हेच होते.

बांधकाम संहितेची अडचण मात्र अनेक शहरांच्या लक्षातच येत नाही, कारण ती नियोजन विभागाच्या कपाटात नसून दुसऱ्याच विभागात असते. अमेरिकेत एक-दोन घरे आणि टाउनहाउस यांना साधी निवासी संहिता लागू होते. एकाच इमारतीत तिसरे घर आले की मोठ्या व्यापारी इमारतींची संहिता सुरू होते आणि तिच्यासोबत महागडी अग्निशमन यंत्रणा, अभियंत्यांचे शिक्के आणि जादा महिने येतात. मेम्फिसने स्थानिक दुरुस्ती करून सहा घरांपर्यंत साधी संहिता चालवली, नॉर्थ कॅरोलायनाने २०२३ मध्ये चार घरांपर्यंत. आगीच्या सुरक्षेत तडजोड नसावी हे मान्यच आहे, पण तीन कुटुंबांच्या दुमजली घराला हॉटेलच्या मापाने मोजणे ही सुरक्षा नव्हे.

विरोधकांच्या आक्षेपांपैकी एक मला गंभीर वाटतो. बांधकामाची मर्यादा वाढवली की जमिनीची किंमतच वाढते आणि घरे मात्र येत नाहीत, असे ते म्हणतात. शिकागोमध्ये स्थानकांजवळच्या भूखंडांची मर्यादा वाढवल्यानंतरच्या काळावरचा योना फ्रीमार्क यांचा २०१९ चा अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो. त्यात अल्पावधीत भाव वाढलेले आणि बांधकाम न वाढलेले दिसले हे खरे. परंतु मोजक्या भूखंडांना सवलत दिली की तेवढेच भूखंड दुर्मीळ आणि म्हणून महाग होतात, यात नवल ते काय? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर एकदम मर्यादा वाढवली. तिथे बांधकाम परवान्यांचा ओघ पुढच्या काही वर्षांत दुपटीच्या आसपास गेला आणि त्यातली बहुतांश वाढ जोडलेल्या टाउनहाउसांची होती. सगळीकडेच बांधता येत असेल तर एका जमीनमालकाला अडवून बसता येत नाही. म्हणून सवलत शहरभर द्यावी. स्थानकाभोवतीचे वर्तुळ आखून सुरक्षित खेळण्याचा मोह टाळावा.

गरिबांना ही घरे परवडणार नाहीत, हा आक्षेप तथ्य म्हणून बरोबर आहे. पोर्टलंडमध्ये पहिल्या तीन वर्षांत या नियमांखाली जोडघरे धरून सुमारे १,४०० घरांना परवाने मिळाले आणि अशी नवी घरे नव्या स्वतंत्र घरांपेक्षा सरासरी अडीच ते तीन लाख डॉलरनी स्वस्त विकली गेली. सहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला १,४०० हा आकडा मोठा नाही, आणि स्वस्त म्हणजे सफाई कामगाराला परवडेल इतके स्वस्तही नाही. त्यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून बांधलेली घरे आणि भाड्याची मदत लागणारच. पण परिचारिका, बसचालक, शाळेतले शिक्षक यांना शहरात नवे घर मिळाले नाही तर ते जुन्या घरांच्या बाजारात उतरतात आणि तिथे खालच्या उत्पन्नाच्या कुटुंबाशी बोली लावतात. त्या बोलीत कोण हरते, हे सांगायला नको. झाडांचा आणि गल्लीच्या रूपाचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो: पाडापाडी पूर्वीही चालूच होती, एका जुन्या घराच्या जागी एक प्रचंड घर यावे की त्याहून कमी आकारमानात चार, एवढीच आता निवड आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने पंचाहत्तर हजारांहून मोठ्या शहरांना प्रत्येक निवासी भूखंडावर चार, आणि रेल्वे किंवा जलद बसच्या थांब्याजवळ सहा घरांना वाव द्यायला लावले. बेलव्ह्यू आणि कर्कलंड त्यांतच येतात. या गावांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेले मराठी अभियंते आज घरमालक आहेत आणि त्यांच्याच कंपन्यांत नव्याने रुजू झालेले तरुण तासभराच्या अंतरावरून येतात. जनसुनावणीला पहिला गट येतो, कारण त्याला नोटीस मिळते आणि त्याच्याकडे संध्याकाळ मोकळी असते. दुसरा गट येत नाही, कारण तो अजून त्या गावचा रहिवासीच नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात एकाच पंगतीला बसणाऱ्या या दोन पिढ्यांचे हितसंबंध नियमावलीच्या पानावर परस्परविरोधी आहेत, हे बोलून दाखवायला कोणी तयार नसते. घरमालकांनी विरोध करू नये असे मी म्हणत नाही. पण गावाचा पोत बिघडेल ही चिंता खरी असेल, तर त्यांनी एकट्या बंगल्याच्या आकारावरही तितकीच कडक मर्यादा मागायला हवी, आणि ती मागणी मी अजून फारशी कुठे ऐकलेली नाही.

राहिला शुल्काचा प्रश्न. रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि उद्याने यांसाठी शहरे नव्या बांधकामाकडून विकास शुल्क घेतात आणि ते पुष्कळ ठिकाणी दारागणिक मोजले जाते. ८७५ फुटांच्या घराने २,५०० फुटांच्या घराइतकेच, किंवा थोडेसेच कमी, भरायचे झाले तर चार घरांचे शुल्क एका बंगल्याच्या तिप्पट-चौपट होते आणि एफएसआयने दिलेला हजार फुटांचा फायदा तिथेच खाऊन टाकते. पोर्टलंडने २०२५ मध्ये नव्या घरांना हे शुल्क सुमारे तीन वर्षांसाठी माफ केले. बाजार थंडावला असताना ही सवलत समजण्याजोगी आहे, पण ती बंगल्यालाही मिळते आणि चार घरांनाही, म्हणजे सरसकट माफीमुळे आकाराने घडवून आणलेला कल शुल्काने पुसट होतो. शिवाय उद्याने आणि नळांचा खर्च कोणीतरी दुसरा भरतो. तिची मुदत संपेल तेव्हा जुने दर जसेच्या तसे परत आणण्याऐवजी शुल्क चौरस फुटांवर बसवावे, लहान घराला कमी आणि मोठ्याला जास्त, आणि हे वेळापत्रक मुदत संपण्याच्या वर्षभर आधी जाहीर करावे, कारण छोटा बिल्डर भूखंड घेतो तो आजच्या दराने आणि परवाना मागतो तो पुढच्या वर्षीच्या दराने.